खरी बातमी पाठव

चि. छकुलीस,


मंगळवारी सकाळी साडेनऊला तुझा निरोप आला. ‘सगळं मस्त, काळजी करू नकोस.’ वाचलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. उन्हाळ्यात तुमचं ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे तिथे पहाटेचे पाच. पहाटे पाचला तू जागी का होतीस गं? कामावरून परतत होतीस, की कामावर निघाली होतीस? की झोपच लागली नव्हती? आदल्या रविवारी व्हिडिओवर बोललो तेव्हा तुझ्या उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी दिसली. काय झालं विचारलं, तर म्हणालीस, ‘काही नाही, असंच.’

तू पत्रकारिता शिकतेस ना? समोरच्या माणसाने ‘असंच’ म्हटलं असतं तर तू वही मिटून उठली असतीस का?

मी रागावले आहे, हे आधीच सांगते. म्हणूनच हे फोनवर न बोलता लिहिते आहे. फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मला तुझं हसू मोडवत नाही. आणि हे पत्र मासिकाकडे पाठवते आहे, त्यालाही कारण आहे. ज्यांची पोरं अशीच लांब गेली आहेत आणि ‘सगळं मस्त’ असा निरोप रोज पाठवतात, अशी किती घरं असतील! त्यांनीही वाचावं. तुझं नाव, तुझा पत्ता यात कुठेच नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

बारावी होऊन तू बार्शीहून माझ्याकडे आलीस तो जून आठवतो? ताईने, म्हणजे तुझ्या आईने, दोन पिशव्या भरून ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी दिली होती, जणू जयपुरात माणसं उपाशीच राहतात. तू गुलाबी शहर बघायला आली होतीस आणि तुझं कॉलेज निघालं सीतापुऱ्यात. ना हवामहल, ना जलमहल. टोंक रोडवर शहर मागे टाकून, सांगानेरचं विमानतळ मागे टाकून, पुढे कारखान्यांच्या रांगा. कपडे शिवणारे, खडे घासणारे, दागिने घडवणारे, आणि त्यांच्या मधोमध इंजिनिअरिंगची, मॅनेजमेंटची, डॉक्टरकीची कॉलेजं. पहिल्या दिवशी धुळीने माखून प्रतापनगरला घरी आलीस आणि म्हणालीस, ‘मावशी, इथे बातमी काय मिळणार? नुसत्या भिंती आणि गेटं आहेत.’

मी तुला एवढंच म्हटलं होतं, की संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा गेटासमोर थांबून बघ.

तू थांबलीस, आणि तुला बायका दिसल्या. शिवलेल्या कपड्यांवरचे लोंबते धागे कापणाऱ्या. सगळ्याजणी त्याला ‘धागा कटिंग’ म्हणतात. बोटांच्या पेरांना कात्रीने पडलेले घट्टे, ओढणीवर रंगीत धाग्यांचे तुकडे. नगावर पैसे. तू त्यांच्या मागे मागे इंडिया गेटच्या थांब्यापर्यंत चालत जायचीस. आधी त्यांनी तुला ‘कॉलेजवाली’ म्हणून टाळलं. मग एकीने तुझ्या बॅगेचा सुटलेला धागा दाताने तोडून दिला आणि बोलायला लागली. महिन्याभरात तुला ढूंढाडी समजायला लागली. मला इथे राहून इतकी वर्षं झाली तरी मी हिंदीवरच भागवते, आणि तू ढूंढाडीत भाजीचा भाव करायला लागलीस. काका म्हणाले होते, ‘ही पोरगी बातमीदार होणार, हिला माणसांची भाषा लवकर चढते.’

शेवटच्या वर्षीच्या तुझ्या कामाचं मी अजून लोकांना सांगते. विषय तू निवडलास: सीतापुऱ्याच्या तेल डेपोची आग. २९ ऑक्टोबर २००९, गुरुवार. तू तेव्हा बार्शीत शाळेतसुद्धा जात नव्हतीस. मी मात्र इथेच होते. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला झालेला तो आवाज, आमच्या खिडक्यांची थरथर, दक्षिणेकडचं लाल आकाश, आणि रात्रभर अंगावरच्या कपड्यांनिशी टोंक रोडने शहराकडे निघालेली माणसं. हे मी तुला कितीदा सांगितलं होतं. पुढचं सगळं तू कागदपत्रांतून शोधलंस: पेट्रोल पाइपातून पाठवायची तयारी चालू असताना झडपेपाशी गळती झाली, जवळजवळ सव्वा तास वाफ जमिनीलगत पसरत राहिली, आणि मग भडका. आग विझवता येण्यासारखी नव्हती. आतलं इंधन संपेपर्यंत, दहा-अकरा दिवस, ती जळू द्यावी लागली. अकरा-बारा माणसं गेली, शेकडो जखमी झाली.

कागद सगळ्यांनाच मिळतात. तुला मिळाली ती थडी, म्हणजे चहाची टपरी. डेपोपासून थोड्या अंतरावर चहा विकणारे ते म्हातारे बाबा. त्यांना आगीबद्दल विचारलं की ते तोंड फिरवून भांडी घासायचे, असं तू सांगायचीस. चार-पाच दिवस तू नुसती चहा पीत बसलीस. मग एक दिवस विचारलंस, ‘बाबा, त्या साली चहा कितीला होता?’ आणि बाबा बोलायला लागले. त्या संध्याकाळी पेट्रोलचा वास इतका भरला की त्यांनी आपली शेगडी विझवली. गिऱ्हाईक चिडलं, चहा अर्धवट राहिला म्हणून. बाबा म्हणाले, मला वास येत होता, मी माझी आग विझवली. मला सांगायला कुणी आलं नाही. माझ्यासारख्या आणखी किती जणांना सांगायला कुणी गेलं नसेल?

तुझा लेख त्या विझवलेल्या शेगडीपासून सुरू झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुला तेव्हा दाखवलं नाही, आज सांगते.

मग परदेशाचं निघालं. घरात केवढा वाद झाला! ताईचं म्हणणं, डॉक्टर-इंजिनिअर जातात ते समजतं, बातम्या लिहायला विलायतेला कशाला जायचं? बातम्या काय इथे कमी आहेत? प्रश्न चुकीचा नव्हता. काकांनी मग आपल्या कपाटातला इतिहास काढला. डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि परत येऊन १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अग्रलेखाइतकीच किंवा त्याहून जास्त किंमत बातमीला दिली, गावोगावी बातमीदार नेमले. परदेशात शिकून आलेल्या माणसाने मराठी वर्तमानपत्राला तालुक्याच्या गावाची वाट दाखवली. आणि बाबासाहेब? ते १९१३ मध्ये त्याच कोलंबियात पोचले. आदल्याच वर्षी पुलित्झर यांच्या देणगीतून तिथे पत्रकारितेचं विद्यालय उघडलं होतं. ते शिकले अर्थशास्त्र, पण ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो बाबासाहेबांनीच. त्याच वर्षी ते अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. मागे पत्र टिकलं नाही. परत आल्यावर १९२७ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ उभं केलं. काका ताईला म्हणाले, ‘माणूस शिकायला गेला म्हणजे त्याने आपली माणसं सोडली असं होत नाही.’

ताई गप्प बसली. पटलं म्हणून बसली की थकून, कोण जाणे. भाऊजींनी कर्जाच्या कागदांवर सही केली. चेवनिंगची शिष्यवृत्ती मिळेल असं तुला वाटलं होतं, पण तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि तू तर कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. मग व्हिसासाठी खात्यात सलग २८ दिवस पैसे दिसायला हवेत, म्हणून कुणाकुणाची ठेव मोडून तुमच्या खात्यात येऊन पडली, हे तुलाही पुरतं माहीत नसेल. त्या दिवसांत भाऊजी रोज सकाळी बँकेचं ॲप उघडून आकडा बघायचे, जणू रात्रीतून तो उडून जाईल.

हे मी तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. एवढ्यासाठी लिहिते की तू गप्प का राहतेस ते मला कळतं. एवढ्या माणसांनी हात लावून उचललेली पालखी, तिच्यात बसून ‘मला बरं वाटत नाही’ कसं म्हणायचं, हाच ना तुझा प्रश्न?

पहिले महिने तू किती सांगायचीस! कार्डिफच्या स्टेशनसमोरच तुमचं विद्यालय, शेजारी बीबीसी वेल्सची इमारत. टॉम हॉपकिन्सन यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं, ब्रिटनमध्ये पदवीनंतर पत्रकारिता शिकवणारं पहिलं. तिथल्या कोर्टात परवानगीशिवाय आवाज मुद्रित करता येत नाही, त्यासाठी १९८१ चा कायदा आहे, म्हणून बातमीदाराला लघुलेखन यावं लागतं. टीलाइन, मिनिटाला शंभर शब्दांपर्यंत. मी फोनवर कढीची कृती सांगत होते आणि तू ती टीलाइनमध्ये उतरवून घेत होतीस. ‘मावशी, थोडं भरभर बोल, माझा वेग वाढू दे,’ म्हणायचीस. मी हसून हसून फोडणी करपवली.

मग वेल्श भाषेचं सांगितलंस. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, टीव्हीला वेगळी वेल्श वाहिनी. सरकार या वाहिनीचा शब्द फिरवतंय म्हटल्यावर १९८० मध्ये ग्विनफोर इव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी वाहिनी सुरू झाली. तू म्हणालीस, आपल्या भाषेत बातमी मिळावी म्हणून इथला एक म्हातारा माणूस उपाशी मरायला तयार झाला होता. जयपुरात राहून घरात मराठी टिकवणाऱ्या मला ते ऐकून काय वाटलं असेल, ते तू न सांगता ओळखलंस. आपल्या दोघींत काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

आणि ॲबरफॅनचा तो फोन. तो मी विसरणार नाही. कार्डिफच्या उत्तरेला असलेलं ते खाणीचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी डोंगरावरचा कोळशाच्या राडारोड्याचा ढीग घसरला आणि थेट शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तू तिथल्या स्मशानातल्या पांढऱ्या कमानींच्या रांगेसमोर उभी राहून आली होतीस. पण फोनवर तू कमानींबद्दल फार बोलली नाहीस, पत्रांबद्दल बोललीस. शाळेच्या मागे ढीग टाकणं धोक्याचं आहे, अशी पत्रं तिथल्या नगरपालिकेने तीन वर्षं आधीच राष्ट्रीय कोळसा मंडळाला लिहिली होती. नंतर बसलेल्या चौकशी न्यायाधिकरणाने दोष याच मंडळाचा ठरवला. आणि वर कडी म्हणजे डोंगरावर उरलेले ढीग हटवायला गावासाठी जमलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं.

तू म्हणालीस, ‘मावशी, इथे पत्रं होती आणि तिथे बाबांना वास येत होता. दोन्हीकडे कळलं होतं. सांगायची जागा नव्हती. बातमीदार आग लागल्यावर पोचतो, त्याने आधी पोचायला हवं.’

छकुली, त्या दिवशी मला वाटलं, झालं, हिचं विलायतेला जाणं सार्थकी लागलं. पदवी मिळो न मिळो.

आणि त्यानंतर तू गप्प झालीस. म्हणजे निरोप येतात, फोटो येतात. समुद्र, किल्ला, रंगीत छत्र्या, मैत्रिणींबरोबरचा केक. पण तू त्यात नसतेस. ‘कोण, काय, कधी, कुठे’ असतं. ‘का’ आणि ‘कसं’ तू गाळतेस.

मग मीच बातमीदारी करायची का? करते. पहाटे पाच. अंगठ्याला पट्टी. फोटोंत दर वेळी तोच निळा कोट. दुपारच्या जेवणाबद्दल विचारलं की रात्रीच्या जेवणाचं उत्तर. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करायची परवानगी नाही, हे तूच सांगितलं होतंस. त्या वीस तासांत खोलीचं भाडं निघतं का? नोकरीसाठी किती अर्ज केलेस? किती ठिकाणांहून उत्तरसुद्धा आलं नाही? शिक्षणानंतर थांबायची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचीच होणार, हे मी वाचलं आहे. त्या तारखेचं ओझं तू एकटी वाहते आहेस, हे मला इथे बसून दिसतं.

ताई-भाऊजी घाबरतील म्हणून तू सांगत नाहीस. मान्य. पण जरा इकडे बघ. टोंक रोडवर, गोपालपुरा बायपासवर किती फलक लागले आहेत तुला आठवतात. विमान, घड्याळाचा मनोरा, हवेत काळी टोपी फेकणारी हसरी पोरं. त्या फलकांना रंग कोण पुरवतं? एजंट तर पुरवतोच. पण तुझ्यासारखी शेकडो पोरं घरी ‘मस्त’ म्हणतात, आई-बाप तेच शेजाऱ्यांना सांगतात, आणि शेजाऱ्याचा मुलगा तो फलक बघून कर्जाचा अर्ज भरतो. त्याला वास येत असेल, तर तो कुणाला विचारणार? आत असलेल्या माणसाने सांगितलंच नाही, तर थडीवरच्या म्हाताऱ्याने शेगडी विझवायची कशाच्या भरवशावर?

हीच बातमी आहे, बाळा. आणि तू तिच्या आत उभी आहेस. यासाठी तुला कुणाच्या गेटासमोर थांबावं लागत नाही. ज्या स्वयंपाकघरात, ज्या गोदामात तुझा अंगठा कापला, तिथे तुझ्याबरोबर कोण उभं असतं? पंजाबची मुलगी? केरळची? नायजेरियाचा मुलगा? त्यांच्या घरी ते काय सांगतात? एजंटाने त्यांना काय सांगितलं होतं? शिकताना काय खरंच मिळालं, आणि कशाची फक्त जाहिरात होती? लिही. रडगाणं लिहू नकोस. तुला तिथे टीलाइन मिळालं, ॲबरफॅन मिळालं, कायदा कळला, प्रश्न विचारायची शिस्त लागली, तेही तितकंच खरं आहे. दोन्ही लिही. मिळालेलं लपवून दुःख लिहिणं हाही एक फलकच झाला.

आणि मराठीत लिही. इंग्रजीत लिहिशील तर तिथले शिक्षक शाबासकी देतील. मराठीत लिहिशील तर बार्शीतला एखादा बाप सही करण्याआधी वाचेल.

राहिला परत यायचा प्रश्न. तो मी तुला विचारणार नाही, आणि कुणी विचारला तर मी मध्ये पडेन. राहायचं तर राहा, यायचं तर ये. कर्ज फिटेल, आपण सगळे मिळून फेडू. ठेवी मोडतात त्या पुन्हा होतात. नानासाहेब परत आले तसं सगळ्यांनी आलंच पाहिजे असा काही नियम नाही. पण तू कुठेही असलीस तरी जिथे उभी आहेस तिथली खरी बातमी दे. बाहेरच्यांची देतेस तशी स्वतःचीही दे. जी मुलगी आईपासून ‘का’ लपवते, तिला एक दिवस वाचकापासूनही ‘का’ लपवायची सवय लागेल, ही मला भीती आहे. बाकी कशाची नाही.

ताईची काळजी करू नकोस. तू समजतेस त्यापेक्षा ती कणखर आहे. ज्या बाईने दोन पिशव्या भरून देऊन पोरीला एवढ्या लांब पाठवलं, ती एक खरं वाक्य ऐकून मोडणार नाही. ती उलट उठून डबा भरायला घेईल. तू नुसतं ‘मस्त’ म्हणतेस तेव्हा तिला करण्यासारखं काही उरत नाही, आणि ती रात्रभर छताकडे बघत बसते, हे तिने मला सांगितलं. तुला सांगू नकोस म्हणाली होती. सांगितलं. आपल्या घरात आता लपवालपवी पुरे.

शनिवारी मी आणि काका दोघंही घरी आहोत. फोन कर, आणि अंगठ्यापासून सुरू कर. कुठे कापला, कशाने कापला, त्या रात्री किती तास उभी होतीस, पैसे किती मिळाले, डॉक्टरला दाखवलंस का. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. काका वही घेऊन बसतील. तुझं बोलून झालं की मग तू लिहायला बस. पहिला खर्डा मला पाठव, चुका मी काढीन. छापून आला की ताईला मीच वाचून दाखवीन.

अंगाला जप. जेवत जा. कामाचे तास वीसच्या वर जाऊ देऊ नकोस, त्यात व्हिसाही जाईल आणि तब्येतही.

तुझी,
मावशी
प्रतापनगर, सीतापुऱ्याजवळ, जयपूर